पोथ्यांची यादी आणि कोर्टाचा निवाडा

श्रोतेहो, ग्रंथांची यादी हा काही भाषणाचा विषय आहे का, असे आपल्याला वाटेल. यादी म्हणजे वाण्याची किंवा लग्नातल्या आहेराची; ती कोणी आवडीने वाचत नाही. पण आपल्याकडे एक यादी अशी झाली, की तिच्यामागे माणसांच्या घरादाराचा प्रश्न उभा होता. आज तिचीच हकीकत सांगायची आहे.

आधी एक साधी गोष्ट घेऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक गृहस्थ. विभक्त झालेला, स्वतःचे घर आणि थोडी जमीन असलेला. तो वारला. मूलबाळ नाही, बायको आधीच गेलेली, आईबाप, भाऊ, पुतणे, आजी कोणी नाही. मागे एक सख्खी बहीण आणि तीन-चार पिढ्यांपलीकडचा एक भाऊबंद. घर कोणाला मिळायचे? बंगालमध्ये हा प्रश्न आला असता, तर जीमूतवाहनाचा दायभाग उघडला असता आणि बहिणीला वारसांत जागा मिळाली नसती. मुंबई बेटात, गुजराथेत किंवा उत्तर कोकणात आला असता, तर नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख उघडला असता, आणि घर बहिणीचे झाले असते. नीलकंठ म्हणतो, बहीण आपल्या भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून ती गोत्रज आहे; आजीच्या पाठोपाठ तिचा हक्क. बहीण तीच, नाते तेच. पोथी बदलली की निकाल बदलला. १८६४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही मुंबईकडच्या एका दाव्यात बहिणीचा हा वारसा मान्य केला.

तेव्हा प्रश्न असा, की कोणती पोथी कोठे चालते, ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, हे कोर्टाला सांगायचे कोणी?

इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला याचे उत्तर होते शास्त्रीबोवा. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवले, की वारसा, विवाह अशा बाबतींत हिंदूंना त्यांच्या शास्त्राप्रमाणे न्याय द्यावा. पण साहेबाला संस्कृत येईना. मग अकरा पंडित बसवून एक निबंध तयार करवला, त्याचे फारशी भाषांतर केले, त्या फारशीवरून हॅल्हेडने इंग्रजी केले आणि १७७६ मध्ये ते छापले. तीन भाषांतून गाळून आलेला कायदा! पुढे सर विल्यम जोन्स स्वतः संस्कृत शिकला, त्यामागे एक कारण हेही होते की पंडित सांगतील त्यावर डोळे मिटून विसंबण्याची त्याची तयारी नव्हती. १८१० मध्ये कोलब्रूकने मिताक्षरेतला दायविभाग आणि दायभाग यांची इंग्रजी भाषांतरे दिली. आपल्याकडे १८२७ मध्ये बॉराडेलने मयूखाचे भाषांतर केले, आणि १८८० मध्ये रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी नव्याने केले. मुंबई इलाख्यातल्या निरनिराळ्या कोर्टांतल्या शास्त्र्यांनी दिलेली उत्तरे गोळा करून वेस्ट आणि ब्यूलर या दोघांनी १८६७ ते १८६९ या काळात ग्रंथ काढला. १८६४ मध्ये तर कोर्टातल्या पंडितांची जागाच रद्द झाली. शास्त्रीबोवा घरी गेले आणि त्यांच्या जागी छापील पुस्तक आले.

आता खरी अडचण सुरू झाली. वकील उभा राहून म्हणतो, अमुक निबंधात असे वचन आहे. प्रतिपक्षाचा वकील म्हणतो, तमुक ग्रंथात उलट आहे. पण अमुक ग्रंथ सातशे वर्षांचा की दोनशे? तो काशीचा की मिथिलेचा? एकाच नावाचे दोन ग्रंथ, एकाच ग्रंथाची दोन नावे, बापाचे पुस्तक मुलाच्या नावावर, असा सारा घोळ. हस्तलिखितांच्या याद्या होत्या; जर्मन पंडित ऑफ्रेख्ट याने १८९१ ते १९०३ या काळात सर्व संस्कृत हस्तलिखितांची मोठी सूची तीन भागांत छापली होती. परंतु ती काव्य, वैद्यक, ज्योतिष सगळ्यांचीच. धर्मशास्त्रापुरती, कालक्रमाने लावलेली, कोण कोणाच्या आधी हे सांगणारी वाट कोणी बांधली नव्हती.

ती बांधली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माणसाने. पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० चा, चिपळूणच्या बाजूचा. मुंबईच्या हायकोर्टात ते वकिली करीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासाठी त्यांनी व्यवहारमयूखाची आवृत्ती तयार केली. ती १९२६ मध्ये निघाली. तिला प्रस्तावना जोडावी, धर्मशास्त्राच्या वाङ्मयात मयूखाची जागा कोणती ते थोडक्यात सांगावे, एवढाच मूळचा बेत. पण जागा सांगायची तर आजूबाजूची घरे सांगावी लागतात! प्रस्तावना वाढत गेली आणि १९३० मध्ये तिचा स्वतंत्र ग्रंथ झाला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तो पहिला खंड. त्यात धर्मसूत्रांपासून निबंधकारांपर्यंत एकेका ग्रंथाचा आणि ग्रंथकाराचा काळ ठरवला आहे, आणि शेवटी दोन लांबच लांब याद्या आहेत: एक ग्रंथांची, एक ग्रंथकारांची. वकिलांनी, न्यायाधीशांनी आणि संशोधकांनी मळून मळून जी पाने जुनी केली, ती हीच.

काळ कसा ठरवायचा? पोथीवर सन-शक असतोच असे नाही. काण्यांची रीत सरळ होती, पण चिकाटीची. कोणी कोणाचे वचन उद्धृत केले ते पाहायचे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत कल्याण नगरी आणि विक्रम राजा यांचे नाव घेतले. तो राजा चालुक्य सहावा विक्रमादित्य, त्याची कारकीर्द १०७६ ते ११२६. म्हणजे मिताक्षरा त्या काळातली. मग मिताक्षरेने ज्याचा उल्लेख केला तो तिच्या आधीचा, आणि ज्याने मिताक्षरेचा उल्लेख केला तो नंतरचा. अशा दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून एकेक ग्रंथ टांगायचा. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरार्क, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, असे सगळे एका ओळीत येऊन बसले. मूळ पुस्तकच हरवले असेल तरीही ही रीत चालते. कात्यायनस्मृतीची पोथी उरलेली नाही. पण निरनिराळ्या निबंधांत तिचे श्लोक विखुरले होते. ते वेचून काण्यांनी १९३३ मध्ये तिचा व्यवहारावरचा भाग पुन्हा उभा केला.

या यादीतून आपल्या नीलकंठाचेही घराणे नीट उमगते. त्याचा पणजा रामेश्वरभट्ट पैठणहून काशीला गेला. आजा नारायणभट्ट, बाप शंकरभट्ट, चुलतभाऊ निर्णयसिंधूचा कर्ता कमलाकर, आणि कमलाकराचा पुतण्या गागाभट्ट, ज्याने १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. काशीत बसून लिहिलेला ग्रंथ मुंबई-गुजराथेत प्रमाण का मानला गेला, याचा एक धागा या दक्षिणी घराण्यात सापडतो.

पण श्रोतेहो, यादीला तिची मर्यादाही असते. ग्रंथ जुना ठरला म्हणून तो लोकांनी पाळला, असे सिद्ध होत नाही. १८६८ मध्ये मदुरेच्या कलेक्टरच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की रूढी स्पष्ट शाबीत झाली तर ती लेखी वचनापेक्षा भारी. मुंबईत एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायद्यातही रिवाजाला पुढची जागा होती. यादी सांगते, कोण काय म्हणाला आणि केव्हा. लोक कसे वागले, ते गावात जाऊनच विचारावे लागते. हा फरक ज्याने ओळखला, त्याच्याच हाती यादी उपयोगी पडते. नाहीतर ती नुसते वचनांचे भांडार होऊन बसते, आणि भांडारातून हवे ते वचन कोणालाही काढता येते.

काण्यांचे काम पुढे १९६२ पर्यंत चालले. पाच खंड, साडेसहा हजारांवर पाने. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, आणि १९७२ मध्ये ते गेले. पहिल्या खंडाची सुधारून वाढवलेली आवृत्तीही त्यांनी उतारवयात हाती घेतली. तिचा पहिला भाग १९६८ मध्ये निघाला. इकडे कायदाही बदलत होता. १९२९ च्या कायद्याने मिताक्षरेखालच्या सगळ्या प्रांतांत बहिणीला वारसांत घेतले. बंगालच्या बहिणीला मात्र १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यापर्यंत थांबावे लागले. त्यानंतर बहिणीचा हक्क ठरवायला मयूख की दायभाग, हे विचारण्याची गरज उरली नाही.

मग ती यादी निकामी झाली का? नाही. देवस्थान, दत्तक, जुनी वाटणी, एखादी रूढी खरेच किती जुनी, असा वाद आला की आजही हायकोर्टाच्या आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालांत काण्यांचे नाव येते. कोणी उठून म्हणाले, शास्त्रात असे आहे, तर तीन साधे प्रश्न विचारायची सवय या यादीने आपल्याला लावली: कोणत्या ग्रंथात? केव्हाच्या? आणि कोठल्या? हे तीन प्रश्न विचारायला पंडित असावे लागत नाही. आणि ते वेळेवर विचारले गेले, तर कोणाच्या तरी डोक्यावरचे छप्पर वाचते.