दोन मीटर पट्टी

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत काहीजण वजन उचलतात आणि काहीजण उचलणाऱ्याच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधतात. मी दुसऱ्यांपैकी. लालबागच्या आमच्या व्यायामशाळेत माझा स्वतःचा स्क्वॉट कधी कोणाच्या डोळ्यांत भरला नाही, पण मनगटात जोर होता आणि बांधलेली पट्टी सैल पडायची नाही. त्यामुळे वॉर्मअपच्या खोलीतून ‘काका, रॅप!’ अशी हाक आली की मी उठतो. समोरचा खुर्चीच्या कडेला टेकून पाय ताठ करतो, मी पट्टीचं टोक गुडघ्याखाली धरतो आणि ताणत ताणत वर नेतो. तो शिव्या देतो. शिव्या आल्या नाहीत तर पट्टी सैल आहे असं समजायचं.

नव्या मुलांचे आईवडील हे बघून हमखास विचारतात, ‘गुडघे गेले का हो त्याचे?’ पट्टी म्हणजे दुखणं, असा त्यांचा समज, आणि त्यात त्यांची चूक नाही. खेळाच्या नियमांत आणि जाहिरातींत या वस्तूला ‘आधार’च म्हणतात. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांचा तिचा प्रवास पाहिला तर दुखऱ्या गुडघ्याचा भाग त्यात थोडा आहे. बाकी सगळी कथा किलोंची.

गंमत साधी आहे. पाय सरळ असताना लवचीक पट्टी ताणून बांधली की खाली बसताना गुडघा वाकतो आणि ती आणखी ताणली जाते. मांडीमागची आणि पोटरीची गुंडाळी एकमेकींवर दाबली जाते. हा ताण साठतो आणि उठताना परत मिळतो. म्हणून कसून बांधलेल्या माणसाला रिकामा बार घेऊन पुरेसं खाली जाताच येत नाही, पट्टी त्याला वरच अडवते. स्क्वॉटमध्ये मांडी आणि कंबर मिळतात तिथली घडी गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली जावी लागते, नाहीतर पंच लाल दिवा लावतात. तेवढं खाली नेण्यासाठीच खांद्यावर मोठं वजन लागतं. पहिलं वजन हलकं सांगितलं आणि पट्टी मात्र तिसऱ्या प्रयत्नाला शोभेल इतकी आवळली, तर खेळाडू वरच अडकून बसतो. बाकीचे हसतात. बांधणाऱ्याने मान खाली घालायची.

या खेळाचा जन्म अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जवळपास एकाच सुमारास झाला. ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये न बसणाऱ्या उचलींना तेव्हा ‘ऑड लिफ्ट्स’ म्हणत, त्यांत दंडाचा कर्लसुद्धा असे. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी बॉब हॉफमनचा बारबेलचा कारखाना होता. हॉफमन हाडाचा ऑलिंपिकवाला, तरी वारा कुठून वाहतोय ते त्याला कळलं. १९६४ साली यॉर्कमध्ये अनधिकृत राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९६५ मध्ये तिथेच पहिली अधिकृत. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे आयपीएफ, उभा राहिला.

नियमपुस्तक तेव्हा पातळ होतं आणि त्याच्या फटी रुंद. कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीला बिल वेस्ट नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये वेस्टसाइड बारबेल क्लब चालायचा. जॉर्ज फ्रेन हा हातोडाफेक करणारा गडी तिथलाच. १९७०च्या आसपास त्याचा स्क्वॉट ८५० पौंडांच्या, म्हणजे ३८५ किलोंच्या, पुढे गेला होता. त्या पिढीच्या लिफ्टरांच्या आठवणींत दवाखान्यातली लवचीक बँडेजं एकावर एक गुंडाळण्याच्या, पलंगपोसाच्या पट्ट्या फाडून अंगाला आवळण्याच्या गोष्टी वारंवार येतात. टेनिसचा चेंडू अर्धा कापून गुडघ्याच्या मागच्या खळगीत पट्टीखाली दडवल्याचीही एक गोष्ट आहे. खाली बसलं की चेंडू चेपणार आणि वर ढकलणार. ती सांगणारे इतके आहेत की कोणीतरी ते केलं असणार यावर माझा विश्वास आहे. मी स्वतः कोणाच्या पट्टीत चेंडू घातला नाही, पण तो सुचणाऱ्या डोक्याला दाद द्यायला हरकत नाही.

सत्तरच्या दशकात हे घरगुती उद्योग बाजारात आले. जॉर्ज झँगासच्या मॅरेथॉन कंपनीचा सुपरसूट आला, मांड्या आणि नितंब आवळणारा. मग टेक्सासात टायटन आणि इन्झर या कंपन्या उभ्या राहिल्या. पट्टीसुद्धा बदलली. दवाखान्याचं सुती क्रेप जाऊन रबराचे धागे विणलेलं जाड कापड आलं, त्यावर लांबीने धावणाऱ्या रंगीत रेघा आल्या. आजही जुने लोक पट्टी रेघांवरून ओळखतात.

आमच्याकडे मात्र क्रेप बराच काळ टिकलं. औषधाच्या दुकानातून रुंद क्रेप बँडेज आणायचं, ते धुऊन दांडीवर वाळत घालायचं आणि ताण गेला की दोन एकत्र गुंडाळायची. १९८१ ची जागतिक स्पर्धा कोलकात्याला झाली. आमच्यातलं कोणी खेळायला गेलं नव्हतं. बघायला जे गेले ते परत येऊन उचललेल्या किलोंपेक्षा परदेशी खेळाडूंच्या पट्ट्यांबद्दलच जास्त बोलत होते: केवढी जाड, कशी बांधतात, किती वेळ लागतो. मी त्या वेळी पोरगा होतो, कोपऱ्यात उभा राहून ऐकायचो. त्या गप्पांमध्येच मला दोन तऱ्हा कळल्या. एक सरळ चढत जाणारी, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. दुसरी गुडघ्याच्या वाटीवर फुली पाडणारी. फुली जास्त जोर देते असं पुष्कळजण शपथेवर सांगतात. मी दोन्ही बांधतो. माणसाच्या मांडीचा घेर आणि पट्टीचा जुनेपणा बघून ठरवावं लागतं, शपथेवर नाही.

इथे तालमीचं एक सांगायला हवं. आमच्याच गल्लीत लाल मातीची तालीम होती. तिथले पैलवान शेकड्यांनी बैठका मारायचे, गुडघ्यावर सुताचा धागाही नाही. आमच्या पट्ट्या पाहून ते नाक मुरडत. वस्ताद एकदा म्हणाले, ‘पाय बांधून बैठक मारायची तर पायांनी काय करायचं?’ त्यांचं बरोबर होतं, पण त्यांच्या कामापुरतं. बैठकेत स्वतःच्या अंगाचं वजन पुन्हा पुन्हा न्यायचं असतं, आमच्याकडे अंगाच्या दुप्पट-तिप्पट वजन एकदाच. एकाच हालचालीचे हे दोन वेगळे धंदे.

महासंघाने हळूहळू टेप काढला. आज आयपीएफच्या नियमात पट्टीची लांबी २ मीटरपेक्षा जास्त नको, रुंदी ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. बांधल्यावर गुडघ्याच्या मध्यापासून वर १५ आणि खाली १५ सेंटिमीटर, एवढाच पाय झाकायचा. ती मोज्याला किंवा सूटला टेकता कामा नये. निव्वळ रबराची पट्टी सक्त मना. कापडाच्या परवानगीत मात्र वैद्यकीय क्रेप अजून जागा धरून आहे, आमचं दुकानातलं बँडेज नियमपुस्तकात जिवंत आहे याचं मला हसू येतं. स्पर्धेआधी साहित्य तपासतात तेव्हा पट्टी टेबलावर पसरून मोजतात. ताणून नाही, सैल. एकेक आकडा बघितला की त्यामागे कोणीतरी कधीतरी केलेला आगाऊपणा दिसतो. कोणीतरी अडीच मीटरची आणली असणार, कोणीतरी मांडीच्या अर्ध्यापर्यंत चढवली असणार. न केलेल्या गोष्टीला मनाई करायला कोणी बसत नाही.

पट्टी किती किलो देते? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मी आकडा सांगत नाही. बांधणारा कोण, पट्टी कोणती, खेळाडूला त्या ताणावर बसता येतं की नाही, यावर सगळं आहे. पण दोन उचली शेजारी ठेवून बघाव्यात. १९८७ मध्ये होनोलुलूला फ्रेड हॅटफील्डने १,०१४ पौंड, म्हणजे ४६० किलो, स्क्वॉट केला. वय ४५, वजन सुमारे ११५ किलो, अंगात सूट, गुडघ्याला पट्टी. २०१६ मध्ये रे विल्यम्सने ४५६ किलो केला, सूट नाही, पट्टी नाही, कंबरेला पट्टा आणि गुडघ्याला फक्त स्लीव्ह, म्हणजे ओढून चढवायचं नळीसारखं रबरी आवरण. विल्यम्स हॅटफील्डपेक्षा कितीतरी जड माणूस, हे विसरून चालणार नाही. तरीसुद्धा हजार पौंड हा एके काळी पट्टी-सूटवाल्यांचाच आकडा होता. २०१९ मध्ये ओहायोतल्या कोलंबसला विल्यम्स ४९० किलोंवर गेला.

स्लीव्हची वंशावळ वेगळीच आहे. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँट कंपनीत १९३०च्या सुमारास तयार झालं. त्याचा फेस करून पन्नासच्या दशकात पाणबुड्यांचे गरम सूट बनले. उब धरणारं आणि अंगासरशी बसणारं हे कापड गुडघ्यावर येणं ओघानेच होतं. स्वीडनच्या रेबँड कंपनीचे निळे स्लीव्ह वेटलिफ्टरांत आणि पुढे क्रॉसफिटवाल्यांत घरोघरी झाले. आपल्याकडे त्याआधी विणलेली नी-कॅप होती. अजूनही आहे, जिना चढताना कुरकुरणाऱ्या गुडघ्यांसाठी.

दोन हजारनंतर सूट-पट्टीला कंटाळलेल्या लोकांनी ‘रॉ’ खेळायला सुरुवात केली. ठासून भरलेल्या सूटमध्ये शिरायला अर्धा तास, पट्टीला वेगळा माणूस, आणि एवढं करून कळत नाही की उचललं कोणी. या तक्रारीत माझ्या कलेचा अपमान आहे, पण ती खोटी नाही. आयपीएफने २०१२ मध्ये स्टॉकहोमला ‘क्लासिक’ विश्वचषक भरवला आणि २०१३ मध्ये रशियातल्या सुझदालला पहिली क्लासिक जागतिक स्पर्धा. क्लासिकमध्ये पट्टी बाहेर, स्लीव्ह आत. जाडी ७ मिलिमीटरपर्यंत, लांबी ३० सेंटिमीटरपर्यंत. काही संघटनांनी सूटशिवाय पण पट्टीसह असा तिसरा गट ठेवला, म्हणून एकाच वजनगटाच्या विक्रमांचे आता वेगवेगळे रकाने दिसतात. गर्दी मात्र क्लासिककडेच वळली. आमच्या व्यायामशाळेत पट्टी बांधून, सूट घालून खेळणारे आता बोटांवर मोजण्याइतके.

सरावाबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते माझ्या धंद्याच्या विरुद्ध जातं. पट्टी स्पर्धेआधीच्या काही आठवड्यांत, तीही शेवटच्या जड सेटला. वर्षभर नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी पट्टीसह आणि पट्टीविना स्क्वॉट मोजले. पट्टीने ताकदीचा आकडा वाढला, पण बारची मागेपुढे होणारी हालचाल कमी झाली, म्हणजे बसण्याची तऱ्हाच बदलली. कंबर मागे जायची तेवढी जात नाही, माणूस सरळ खाली बसतो. त्यांनी सरावात पट्टी टाळायचा सल्ला दिला. मला ते आकडे नंतर कळले. पण जो मुलगा दर सोमवारी पट्टी मागतो त्याचा उघड्या गुडघ्याचा स्क्वॉट जागेवरच राहतो, हे डोळ्यांनी दिसत होतं. शिवाय पट्टी वाटीला मांडीच्या हाडावर दाबते. सेट झाला की लगेच सोडायची. पावलं बधिर होतात, सोडल्यावर मांडीवर जांभळे वळ राहतात. हौशी मुलं त्या वळांचे फोटो काढतात.

स्लीव्हचं तसं नाही. वॉर्मअपपासून घातला तरी चालतो, गुडघा गरम राहतो, खाली बसताना जरा भरवसा वाटतो. थंडीतल्या पहाटेच्या सरावाला मीही माझ्या म्हाताऱ्या गुडघ्यांवर चढवतो. सैल, ५ मिलिमीटरचा. तेवढं झालं असतं तर स्लीव्ह खरोखर आधारच राहिला असता.

पण लिफ्टर तो लिफ्टरच. कापडाची जाडी ७ मिलिमीटरच राहिली आणि कापड ताठ होत गेलं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एसबीडीने खास पॉवरलिफ्टिंगसाठी शिवलेले जाड स्लीव्ह आणले, ते चालले, आणि बाकीच्यांनी आणखी कडक विणीचे काढले. खेळाडू सरावाला आपल्या मापाचा घेऊ लागले आणि स्पर्धेला एक माप लहान. कासार लहान मापाची बांगडी चढवतो तसं दोघांनी मिळून स्लीव्ह ओढायचा, पायावर आधी प्लास्टिकची पिशवी घालून त्यावरून सरकवायचा, असे प्रकार सुरू झाले. वॉर्मअपच्या खोलीत पुन्हा ‘काका!’ अशा हाका येऊ लागल्या. मग नियम आला: क्लासिकचा स्लीव्ह खेळाडूने स्वतःच्या हातांनीच चढवायचा, पिशवी नाही, घसरपट्टी नाही, दुसरा माणूस नाही. आता आमचा एक मुलगा घरी बसल्या बसल्या स्लीव्ह चढवायचा सराव करतो. त्याने बोटांना खडू लावून पकड कशी घ्यायची याची स्वतःची पद्धत बसवली आहे आणि ती तो कोणाला दाखवत नाही.