मतदार छायाचित्र ओळखपत्र : बिरसीच्या (जि. गोंदिया) संदर्भात

मतदान केंद्रावर आलेली व्यक्ती यादीतील तीच मतदार आहे, याची खात्री पटवणारा फोटोसह दस्तऐवज. बोलीत त्याला ‘वोटिंग कार्ड’ किंवा ‘मतदान कार्ड’ म्हणतात. गोंदिया तालुक्यातील बिरसी हे गाव विमानतळामुळे ओळखले जाते आणि भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात मोडते. धानशेती, मजुरी आणि मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्याशी चालणारा रोटी-बेटी व्यवहार अशा या पट्ट्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते : मताचा हक्क कार्डाने मिळत नाही, तो मतदार यादीतील नावाने मिळतो. कार्डाचे काम त्या नावाला चेहरा जोडून देण्यापुरतेच आहे. ओळखपत्रावरचे बहुतेक वाद या दोन गोष्टींची गल्लत केल्याने होतात.

तोतया मतदार रोखण्यासाठी बोटाला शाई लावणे आणि ओळखपत्र दाखवायला लावणे या दोन्हींची तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६१ मध्ये आहे. शाई १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून येते. ओळखपत्राला मात्र खरा जोर आला तो १९९३ मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना. त्याआधी भिस्त होती ती गावातल्या ओळखीवर आणि उमेदवारांच्या पोलिंग एजंटवर. ती व्यवस्था आजही मोडीत निघालेली नाही. पहिला मतदान अधिकारी नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो तो एजंटांना ऐकू जावा म्हणूनच. एखाद्या एजंटने २ रुपये भरून हरकत घेतली, तर केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय देतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेल्याचे आढळले, तर खऱ्या मतदाराला परत पाठवत नाहीत. त्याला कागदी मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. म्हणजे कार्ड ही अनेक कड्यांपैकी एक कडी आहे.

ओळखपत्राच्या नियमावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, कागदपत्रांची अट गरिबाला बाहेर ठेवते. जगात याला आधार आहे. इंग्लंडमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत ही अट पहिल्यांदा लागू झाली, तेव्हा ओळखपत्राअभावी किमान १४,००० लोकांना मत देता आले नाही, असे तिथल्याच निवडणूक आयोगाने नोंदवले. भारतात हा धोका कमी झाला तो चालणाऱ्या कागदपत्रांची यादी मोठी ठेवल्यामुळे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, पेन्शनचे कागद, दिव्यांगांचे ओळखपत्र असे १२ पर्याय होते. त्यांत रोजगार हमीचे जॉबकार्डही होते, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात त्याचे मोल पासपोर्टपेक्षा कितीतरी जास्त आहे. पासपोर्ट मजुराच्या घरात क्वचितच सापडेल. जॉबकार्ड मात्र मजुरीसाठीच काढलेले असते. स्पेलिंगच्या किंवा छपाईच्या किरकोळ चुकांवरून कोणाला अडवू नये, हाही भारताच्या निवडणूक आयोगाचा आदेश आहे. बालाघाटहून बिरसीत आलेल्या सुनेजवळ माहेरच्या मतदारसंघातले कार्ड असले, तरी ते चालते. अट एवढीच की तिचे नाव बिरसीच्या यादीत चढलेले हवे. तिचे मत हुकते ते बहुधा इथे, यादीत. आक्षेप घेणाऱ्यांनी आपला रोख कार्डावरून यादीकडे वळवावा, असे म्हणण्याचे कारण हेच.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : इतके पर्याय कशाला, सरळ आधारच सक्तीचे करा. बिरसीच्या विमानतळात शिरताना प्रवाशाला ओळखपत्र दाखवावेच लागते, मग मतदान केंद्रावर सवलत का, असे कोणी विचारेल. तुलना वरवर पटते, पण टिकत नाही. ज्याचे विमान चुकले तो दुसरे तिकीट काढू शकतो. ज्याचे मत हुकले त्याला पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबावे लागते. शिवाय प्रौढ मताधिकार संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदातून येतो, तो विकत घेतलेली सेवा नाही. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. म्हणून बारांपैकी एक हीच त्याची योग्य जागा.

तोतयेगिरी फारशी उरलेली नाही, तेव्हा अटच काढून टाका, हा तिसरा सूर. तो मान्य करता येत नाही. मृत आणि स्थलांतरित मतदारांची नावे यादीत राहून जातात, बिरसीच्या आसपासचे मजूर कामासाठी बाहेर पडतात, आणि अशा रिकाम्या नावांवर बोगस मत पडू नये याची हमी हरलेल्या उमेदवारालाही मिळाली पाहिजे.

नियम खरोखर बोचतो तो बारीक जागी. घरपोच मिळणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, तरी ती हातात आहे म्हणून लोक कार्ड घरी ठेवून येतात. १९ एप्रिल २०२४ च्या मतदानात भंडारा-गोंदिया मतदारसंघातीलच अर्जुनी मोरगाव भागात वेळ दुपारी ३ पर्यंतच होती. मोहफुलांचा हंगाम, डोक्यावर ऊन आणि घर लांब असताना परत पाठवलेला माणूस पुन्हा येईलच असे नाही. चिठ्ठी वाटणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने (बीएलओ) ‘सोबत कार्ड किंवा पासबुक आणा’ एवढे तोंडी सांगितले, तरी यातला बराच त्रास टळेल.

नवीन नावासाठी नमुना ६, तर पत्ता बदल, दुरुस्ती किंवा हरवलेल्या कार्डासाठी नमुना ८ भरतात. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते यादीत नवे नाव घेता येत नाही, मग हातात कोणतेही ओळखपत्र असो.