पेशींना त्यांची जागा कोण दाखवते? अंड्यातील प्रवासाचा इतिहास

१/ पेणच्या कारखान्यात गणेशमूर्ती घडते ती बाहेरून. साच्यातून धड निघते, हात जोडले जातात, शेवटी डोळ्यांची आखणी होते. खुडूक कोंबडीखालच्या अंड्यात मात्र ना साचा असतो, ना मूर्तिकार. तरीही २१ दिवसांत पिल्लू बाहेर येते. मग अवयव जागच्या जागी बसवतो कोण?

२/ हा प्रश्न फार जुना आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने वेगवेगळ्या दिवसांची अंडी फोडून पाहिली. तीन दिवस-रात्रींनंतरच्या अंड्यात त्याला रक्ताचा एक धडधडणारा ठिपका दिसला. ते हृदय होते. परंतु पेशी ही संकल्पना रूढ होण्यास १८३८-३९ साल उजाडावे लागले.

३/ १९२० च्या दशकात जर्मनीत वाल्टर फोग्ट याने उभयचरांच्या गर्भावर निरुपद्रवी रंगांचे ठिपके दिले. काही तासांत ते ठिपके सरकले, लांबले, काही आत गडप झाले. गर्भ केवळ वाढत नाही, त्याच्या पेशी स्थलांतर करतात, हे डोळ्यांना दिसले.

४/ १९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचर गर्भाच्या पेशी सुट्या करून एकत्र मिसळल्या. त्या पुन्हा वेगळ्या झाल्या: त्वचेच्या पेशी बाहेर, इतर आत. जणू प्रत्येकीला आपले स्थान ठाऊक होते.

५/ त्याच वर्षी डेनिस न्यू या इंग्रज संशोधकाने कोंबडीचा गर्भ कवचाबाहेर वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काचेचे कडे, त्यावर ताणलेला बलकाचा पातळ पापुद्रा, खाली अंड्याचाच पांढरा भाग. एवढ्या सामग्रीवर पेशींची वाटचाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागली.

६/ येथे मराठी मुलुखाचा संबंध येतो. डॉ. लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरा येथे सी. एच. वॉडिंग्टन यांच्याबरोबर काम केले. कोंबडीच्या गर्भात प्रथम एक रेघ उमटते. पेशी तिच्यातूनच आत उतरतात. या रेघेच्या बाजूचे भागही शेजारच्या पेशींचे भवितव्य ठरवू शकतात का, यावरील त्यांचा शोधनिबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी या विषयाच्या अध्यापनाची व संशोधनाची परंपरा रुजवली. महागड्या यंत्रांची चणचण असलेल्या देशात कोंबडीचे अंडे ही सर्वांना परवडणारी प्रयोगशाळा ठरली.

७/ १९६९ मध्ये फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी ओळखीची युक्ती शोधली. लाव्याच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसते. लाव्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात रोवल्या की त्या कुठे पोचल्या हे कळते. भावी मज्जारज्जूच्या पाठीकडून निघालेल्या पेशी चेहऱ्यापर्यंत, त्वचेच्या रंगापर्यंत आणि आतड्याच्या चेतातंतूंपर्यंत जातात, हे त्यातून उलगडले.

८/ म्हणजे मार्गदर्शक एक नव्हे, अनेक. आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणारी रसायने, पायाखालची प्रथिनांची वाट आणि पेशी-पेशींमधील चिकटपणा, ही सारी मिळून पत्ता ठरतो.

९/ पत्ता चुकला तर? हिर्शस्प्रंग या जन्मजात विकारात चेतापेशी आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोचतच नाहीत. तो भाग हालचाल करत नाही, बाळाला शौच होत नाही आणि शस्त्रक्रिया करावी लागते. जन्माच्या कित्येक महिने आधी अर्ध्यावर थांबलेला प्रवास असा प्रकट होतो.