बार्शी लाइट रेल्वे
बार्शी लाइट रेल्वे ही महाराष्ट्रातील एक खाजगी अरुंदमापी (७६२ मिलिमीटर) रेल्वे होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९५ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या कंपनीने ती बांधली व चालवली. १९५४ मध्ये ती शासनाच्या ताब्यात गेली.

पार्श्वभूमी
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई–सोलापूर मार्ग बार्शीपासून सुमारे ३४ किलोमीटर दूरवरून गेला. त्यामुळे बाजारपेठ असूनही बार्शीचा माल बैलगाड्यांनी 'बार्शी रोड' (आताचे कुर्डुवाडी) स्थानकापर्यंत न्यावा लागे. याच कंपनीत नोकरीस असताना कॅलथ्रॉपने ही उणीव हेरली. मात्र प्रस्ताव प्रत्यक्षात येईपर्यंत अनेक वर्षे गेली. बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला.

अभियांत्रिकी
अरुंद रूळ म्हणजे कमी क्षमता, ही तत्कालीन समजूत कॅलथ्रॉपला मान्य नव्हती. इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक आसावर ५ टनांहून अधिक भार येणार नाही, असे त्याने ठरवले. भार सर्वत्र सारखा विभागल्याने हलके, स्वस्त रूळ पुरेसे ठरले आणि तरीही लांब बोगी डबे वापरता आले. लीड्सच्या किटसन कारखान्याने आठ जोडचाकांची इंजिने पुरवली. ही सामग्री भारतात चालवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून तिच्या चाचण्या घेण्यात आल्या. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेतही (१९०४) त्याने हेच विचार वापरले. मार्ग कोठून न्यावा, भांडवल किती गुंतवावे, कोणता माल मिळेल, हे 'रेलरोड टायकून' (१९९०) या संगणकीय खेळात खेळाडूसमोर येणारे प्रश्न येथे खऱ्या भागधारकांच्या पैशावर सोडवले गेले.

विस्तार
१९०६ मध्ये मार्ग पंढरपूरला पोहोचला आणि मालवाहतुकीला वारकऱ्यांच्या वाहतुकीची जोड मिळाली. १९११ मध्ये तो निजामाच्या राज्यातील लातूरपर्यंत, तर १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. कॅलथ्रॉपचे निधनही १९२७ मध्येच झाले. उत्तरायुष्यात त्याने वैमानिकांसाठी हवाई छत्रीही विकसित केली होती.

राष्ट्रीयीकरण व रुंदीकरण
१ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे शासनाने विकत घेतली व ती मध्य रेल्वेत विलीन झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी–पंढरपूर आणि नंतर कुर्डुवाडी–लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. मिरज–पंढरपूर टप्पा सर्वांत शेवटी पूर्ण झाला. जुन्या मार्गाने वगळलेले उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे जिल्ह्याचे ठिकाण नव्या आखणीत लोहमार्गावर आले.

एप्रिल २०१६ मध्ये तीव्र टंचाईच्या काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वेगाडी पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे धावली. १२ एप्रिल रोजी लातूरला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत १० टाक्यांमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते.