उंबरठ्यावरचा रुग्ण

'गर्दुल्ला' हा शब्द आपल्या मराठीत रूढ होऊन चाळीसएक वर्षे झाली. १९८०च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर आली, लोकांनी तिला 'गर्द' म्हटले आणि ती ओढणाऱ्याला 'गर्दुल्ला'. हा शब्द उच्चारला की माणूस नजरेआड होतो. उरते ती रेल्वेच्या पुलाखाली गुडघ्यांत मान घालून बसलेली एक आकृती. तिच्या दंडावरची जखम चिघळते, तिला ताप येतो, तिलाही डॉक्टर लागतो, हे आपल्या ध्यानीमनीही येत नाही. १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा फाउंडेशन'चे काम सुरू केले. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचे 'मुक्तांगण' उभे राहिले. व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी ही दारे उघडली, याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. परंतु ज्याच्याने व्यसन अद्याप सुटत नाही, त्याचे आजारपण कोणी पाहायचे? या प्रश्नाने ख्रिस्तसभेची कठीण परीक्षा पाहिली ती ऑस्ट्रेलियात, सिडनी शहरातील एका कॅथलिक रुग्णालयात. तो इतिहास आमच्या वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते.

३१ डिसेंबर १८३८ रोजी 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' या संघाच्या ५ आयरिश धर्मभगिनी सिडनी बंदरात उतरल्या. मेरी एकेनहेड यांनी १८१५ साली डब्लिन येथे स्थापलेला हा संघ. ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञाधारकता या तीन व्रतांच्या जोडीला गरिबांची सेवा हे या भगिनींचे चौथे व्रत. इंग्रज सरकारने शिक्षा देऊन त्या दूरदेशी धाडलेल्या स्त्री-कैद्यांमध्ये, पॅरामॅटा येथे, त्यांनी पहिले काम सुरू केले. १८५७ साली त्यांनी सेंट व्हिन्सेंट रुग्णालय काढले. रुग्णाचा धर्म वा पंथ तेथे आड येत नसे. १८७० साली हे रुग्णालय डार्लिंगहर्स्ट येथे नेण्यात आले. शेजारीच किंग्ज क्रॉस ही वस्ती आहे. विसाव्या शतकात मद्यालये, वेश्याव्यवसाय आणि पुढे हेरॉइन यांसाठी ती कुप्रसिद्ध झाली. समाजाने ओवाळून टाकलेली माणसे रुग्णालयाच्या अशी दारातच येऊन राहिली.

१९८० नंतर एड्स आला. आजाऱ्याला हात लावण्यास परिचारिकाही कचरत, असा तो काळ. १९८४ साली याच कॅथलिक रुग्णालयाने एड्सच्या रुग्णांसाठी ऑस्ट्रेलियातील पहिला स्वतंत्र कक्ष उघडला. तेथे येणारे बहुतेक रुग्ण समलिंगी पुरुष होते. त्यांना तुम्ही कसे जगलात, असे विचारण्यात आले नाही. त्यांना खाट देण्यात आली.

दुसरा धोका सुईचा होता. एकच सुई अनेकांनी वापरली की एकाचा विषाणू सर्वांच्या रक्तात जातो. न्यूयॉर्कमध्ये त्या दशकात टोचून घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना लागण झाली होती. सेंट व्हिन्सेंटमधील व्यसनोपचार विभागाचे प्रमुख डॉ. ॲलेक्स वोडाक यांनी नोव्हेंबर १९८६मध्ये काही सहकाऱ्यांसह जुन्या सुया घेऊन नव्या, निर्जंतुक सुया देण्यास प्रारंभ केला. त्या वेळच्या कायद्याने हा गुन्हा होता. तो आपण जाणूनबुजून करीत आहोत, हे त्यांनी लपवले नाही. लवकरच राज्य सरकारने हेच धोरण अधिकृतपणे स्वीकारले आणि ते देशभर पसरले. टोचून घेणाऱ्यांमधील एचआयव्हीचे प्रमाण ऑस्ट्रेलियात १-२ टक्क्यांच्या आसपासच राहिले.

तथापि हेरॉइनचे बळी थांबले नाहीत. १९९०च्या दशकात माल स्वस्त झाला. १९९९ या एका वर्षात ऑस्ट्रेलियात अशा अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक हजाराहून अधिक माणसे दगावली. पुष्कळांचा अंत गल्लीबोळांत, सार्वजनिक शौचालयांत, एकाकी झाला. हेरॉइनची मात्रा अधिक झाली की श्वास मंदावतो व थांबतो. जवळ कोणी असेल, प्राणवायू देता आला, नलॉक्सोनचे इंजेक्शन टोचले, तर काही मिनिटांत माणूस परत येतो. मृत्यूला येथे एकांताचे साहाय्य लागते. पोलीस खात्यातील भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती वुड यांच्या आयोगापुढे असे उघड झाले होते की, किंग्ज क्रॉसमध्ये टोचून घेण्यासाठी खोल्या भाड्याने देण्याचा धंदा बेकायदा चाललेलाच आहे. परवानाधारक, सुरक्षित जागेचा विचार व्हावा, असे आयोगाने १९९७ साली सुचवले. विधिमंडळाच्या समितीने ते मानले नाही.

मे १९९९मध्ये तेथील वेसाइड चॅपल या प्रॉटेस्टंट प्रार्थनागृहाचे पाळक रे रिचमंड यांनी स्वतःच्या जबाबदारीवर अशी एक खोली उघडली. पोलिसांनी छापे घातले. त्याच महिन्यात राज्य सरकारने बोलावलेल्या परिषदेने प्रायोगिक केंद्राची शिफारस केली. चालवायला विश्वासार्ह संस्था हवी होती. सरकारने सिस्टर्स ऑफ चॅरिटी यांना विचारले आणि धर्मभगिनींनी होकार दिला.

ऑक्टोबर १९९९च्या अखेरीस त्यांना तो होकार मागे घ्यावा लागला. रोममधील धर्मसिद्धांतविषयक मंडळाने, ज्याचे प्रमुख तेव्हा कार्डिनल रात्झिंगर होते, कॅथलिक संस्थेने या प्रयोगात भाग घेऊ नये असा निर्णय दिला. भगिनींनी तो पाळला.

हा निर्णय कळण्यासाठी नीतिशास्त्रातील एक जुने प्रकरण आठवावे लागते. ते म्हणजे दुष्कृत्यातील सहकार्य. धनी पापकर्मासाठी खिडकीतून चढत असता खाली शिडी धरणाऱ्या नोकराचे उदाहरण आम्ही सेमिनरीत घोकले होते. धन्याच्या हेतूत नोकर सामील असेल तर ते औपचारिक सहकार्य, आणि ते केव्हाही निषिद्ध. हेतू निराळा असून केवळ हाताने साहाय्य घडले तर ते भौतिक सहकार्य. अशा साहाय्याला पुरेसे गंभीर कारण आहे का आणि त्याने लोकांची दिशाभूल तर होत नाही ना, हे तोलून पाहावे लागते. काही नीतिशास्त्रज्ञांचे म्हणणे होते की, भगिनी हेरॉइन देणार नव्हत्या, टोचणार नव्हत्या. श्वास थांबला तर तो पुन्हा चालू करणार होत्या, आणि प्राण वाचवणे याहून गंभीर कारण कोणते? रोमची चिंता निराळी होती. कॅथलिक छत्राखाली टोचून घेण्यास जागा मिळाली तर सद्हेतू असूनही ख्रिस्तसभा त्या कृत्याला मान्यता देते, असा समज पसरेल. ही चिंता पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. धर्मगुरूच्या एका अविचारी वाक्याने काय गैरसमज होतात, ते आम्ही पाहिले आहे.

मात्र प्रश्न तेथेच पडून राहिला नाही. युनायटिंग चर्च या प्रॉटेस्टंट पंथाने ती जबाबदारी उचलली. स्थानिक व्यापाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली आणि ६ मे २००१ रोजी किंग्ज क्रॉसच्या हमरस्त्यावर केंद्र उघडले. पहिल्या प्रमुख होत्या डॉ. इंग्रिड व्हॅन बीक. आत तीन दालने आहेत. पहिल्यात नोंद व विचारपूस, दुसऱ्यात परिचारिकेच्या नजरेसमोर रुग्ण आपला आपण टोचून घेतो, तिसऱ्यात चहापाणी, विश्रांती, जखमेची मलमपट्टी आणि हवे असल्यास उपचाराचा पुढचा रस्ता. अठरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि कधीच न टोचलेले यांना त्यासाठी प्रवेश नव्हता.

इतिहास लिहिताना तराजू सरळ धरावा लागतो. केंद्र उघडण्याच्या सुमारास ऑस्ट्रेलियात हेरॉइनची टंचाई झाली आणि मृत्यू घटले ते मुख्यतः तिच्यामुळे. त्याचे श्रेय केंद्राला देता येत नाही. पण पुढील वीस वर्षांत तेथे दहा लाखांहून अधिक वेळा टोचून घेतले गेले, हजारो वेळा अतिमात्रा झाली, आणि आत एकही मृत्यू झाला नाही. परिसरात रुग्णवाहिकेला येणारी बोलावणी कमी झाली. २०१० साली विधिमंडळाने केंद्राला कायमची मान्यता दिली. २०१८ साली मेलबर्नमध्ये दुसरे उघडले.

ख्रिस्तसभेतील विचारमंथनही चालूच राहिले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली ख्रिस्तसभेला रणांगणावरील इस्पितळाची उपमा दिली. आधी जखमा बांधायच्या, बाकीचे नंतर बोलायचे, असा तिचा आशय. त्याच पोपमहोदयांनी २०१४ साली अमली पदार्थांना कायदेशीर सूट देण्यास आणि एका अमली पदार्थाच्या जागी दुसरा देण्यास ठाम विरोध दर्शवला. दोन्ही गोष्टी एकाच मेंढपाळाच्या अंतःकरणातील आहेत. म्हणून कोणा एका बाजूला निर्दय आणि दुसरीला पाखंडी म्हणण्याची घाई करू नये.

आपल्याकडे अशी खोली नाही. पण राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ साली सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्यापासून निर्जंतुक सुया देणे आणि हेरॉइनऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणे, या सेवांना शासनाने जागा दिली. तेथे जाणाऱ्याला आधी शपथ घालण्यात येत नाही.

शेवटी एक कबुली देणे आम्हांस भाग आहे. काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्या धर्मगुरूनिवासाच्या पायरीवर आला होता. हाताला मोठी जखम होती, दुर्गंधी येत होती. त्याने पैसे मागितले नाहीत. डॉक्टरकडे एकट्याला उभे करत नाहीत, बरोबर चला, एवढेच म्हणाला. "आधी ते सोडायचे ठरव, मग ये," असे आम्ही त्याला सांगितले. आम्हांला ते कणखर प्रेम वाटले होते. तो पुन्हा आला नाही. दोन महिन्यांनी त्याच्या दफनविधीला आम्हीच उभे होतो आणि त्याची आई आमच्याकडे पाहत नव्हती.

सिडनीच्या भगिनींना जी शिडी धरायची की नाही असा पेच पडला, तो आमच्यापुढे नव्हताच. आमच्यापुढे होती ती नुसती एक जखम आणि दवाखान्यापर्यंतची दहा मिनिटांची वाट. त्या वाटेवर जाण्यास कोणत्याही नीतिशास्त्राची हरकत नव्हती. आता आमच्या कार्यालयातील टेबलाच्या काचेखाली जवळच्या शासकीय रुग्णालयाचा व व्यसनोपचार केंद्राचा पत्ता लावून ठेवला आहे. कोणी आलाच, तर बरोबर जाण्यासाठी धर्मग्रामातील दोन तरुण तयार आहेत, आणि ते नसतील तेव्हा आम्ही.