कडकनाथ : कोंबडीचा काय दोष?

कडकनाथचं नाव काढलं की आपल्याकडं लोक अजून तोंड फिरवतात. म्हणून या कोंबडीची मूळ गोष्ट लिहितो.

हा पक्षी मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर भागाचा, भिल्ल-भिलालांच्या परसात वाढलेला. तिकडं त्याला ‘कालामासी’ म्हणतात. चोच, तुरा, जीभ, कातडी, मांस, सगळं काळं. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं. (काळं अंडं कोणी विकत असेल तर लांबच राहा.) हा रंग खाद्यातून येत नाही. काळ्या रंगाच्या पेशी वाढवणारा जनुकाचा भाग यात दुप्पट झालाय. चीनच्या सिल्की कोंबडीतही तोच बदल आहे.

मागणी देवकार्याला आणि खायला, पण वाढ सावकाश. ब्रॉयलर दीड महिन्यात दोन किलो होतो, याला किलोभर व्हायला चार-पाच महिने लागतात. अंडी वर्षाला शंभराच्या आतबाहेर, अन् मादी खुडूक फारशी बसत नाही. म्हणून तिची अंडी दुसऱ्या देशी कोंबडीखाली ठेवायची रीत आहे. त्यात इतर कोंबड्यांशी संकर होऊन अस्सल जात कमी होत गेली. ती टिकवायला १९७८ साली सरकारनं झाबुआत खास प्रक्षेत्र काढलं. पुढं तिथल्या कृषी विज्ञान केंद्रानं आदिवासी कुटुंबांना पिल्लं दिली, लसीकरण शिकवलं. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. छत्तीसगडच्या दंतेवाड्यानंही त्यावर दावा सांगितला होता.

मानांकनाची बातमी झाली अन् आपल्याकडं पिल्लांचा धंदा फुगला. पिल्लं, खाद्य आम्ही देतो, अंडी चढ्या भावानं आम्हीच परत घेतो, असे करार झाले. आता बघा, ती अंडी खायला कोण घेत होतं? बहुतेक उबवून पुढच्या शेतकऱ्याला पिल्लं म्हणूनच जात होती. नवा शेतकरी यायचा थांबला की खरेदीही थांबणार. २०१९ ला सांगली-कोल्हापूर भागात तेच झालं, पोलिसांत तक्रारी गेल्या. खाद्याच्या उधारीपायी लोकांनी पक्षी मिळेल त्या भावाला काढले.

आमच्या भागात तेव्हाच्या एका शेडात आता कांदा भरलाय. दोन-तीन घरी मात्र पाच-सहा कडकनाथ अजून उकिरड्यावर चरतात. अंडी गावरान खुडुकीखाली ठेवतात, अन् कोंबडा गावातच विकला जातो.