मोगर, केवडा आणि मृग : कळमन्याच्या बाजारातील फुलांची नावे

नागपूर शहराच्या पूर्व अंगाला असलेले कळमना हे गाव आज पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृषी बाजाराशी इतके एकरूप झाले आहे की, विदर्भात ‘कळमना’ असे नुसते म्हटले तरी गावाआधी बाजारच डोळ्यांपुढे उभा राहतो. धान्य, मिरची, संत्री आणि भाजीपाला यांच्या घाऊक व्यापाराचा मोठा भाग शहराच्या मध्यभागातून येथे आला, तेव्हा अडत्यांच्या गाद्या आणि हमालांच्या टोळ्या यांच्याबरोबर जुन्या पेठेची भाषाही आली. ही भाषा ऐकताना एक गोष्ट लक्षात येते : येथील मुख्य व्यापार फुलांचा नसूनही बागेतील फुलांची नावे, किंवा त्यांच्याशी नाते सांगणारे शब्द, दर हर्रासात, म्हणजे लिलावात, उच्चारले जातात आणि प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ भलताच असतो. भाजीच्या ओट्यावरचा ‘फ्लॉवर’ हे याचे सर्वांत सोपे उदाहरण होय. इंग्रजीत ज्या शब्दाने जगातील कोणतेही फूल सांगता येते, तो शब्द मराठी बाजारात एका कोबीपुरता उरला आहे.

धान्याच्या बाजारातील ‘मोगर’ हा शब्द अधिक जुना आणि अधिक बोलका आहे. मूग किंवा उडीद भरडून, टरफल काढून जी साफ डाळ तयार होते, तिला नागपूरच्या व्यापारात मोगर म्हणतात आणि बाजारभावाच्या यादीत ‘मूग मोगर’ व ‘उडीद मोगर’ अशा वेगळ्या नोंदी असतात. हिरव्या सालीचा मूग गिरणीत जातो आणि पिवळीधमक दोन दले होऊन बाहेर येतो. उडदाची काळी साल उतरली की आतून जवळजवळ पांढरे दल निघते. तांदळाच्या दुकानात तर ‘मोगरा’ याच रूपातील शब्द भेटतो. बासमतीच्या तुकडा तांदळाची प्रतवारी करताना तिबार, दुबार आणि मोगरा अशी उतरती श्रेणी लावतात, त्यामुळे ज्या नावाने बागेत सुगंधाची परिसीमा सांगितली जाते, त्याच नावाने गोणीवर तुटका दाणा सांगितला जातो. डाळीचे नाव एकट्या मुगाशी किंवा एकट्या फुलाशी जोडण्याचा मोह अभ्यासकाने आवरलेला बरा, कारण उडदालाही ते तितक्याच सहजतेने लागते आणि व्यापाऱ्याच्या तोंडी ते वाणाचे नाव नसून डाळीच्या अवस्थेचे नाव आहे.

फुलाच्या नावाचा प्रवास मात्र स्पष्टपणे मांडता येतो. संस्कृतातील ‘मुद्गर’ म्हणजे लाकडी हातोडा किंवा गदेसारखे आयुध. कोशांत याच शब्दाला कळी आणि जाईच्या जातीचे एक फूल हेही अर्थ दिलेले आहेत. जोडाक्षरापूर्वीचा ‘उ’ प्राकृतात ‘ओ’ होतो, या नियमाच्या उदाहरणांत बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्राने ‘मोग्गर’ हे रूप नोंदले आहे, आणि तेथून मराठी मोगऱ्यापर्यंतचे अंतर एका पावलाचे आहे. धुणे बडवण्याची किंवा खुंट्या ठोकण्याची मोगरी ही या घराण्याची दुसरी शाखा असून, तालमीत पहिलवान खांद्यामागून फिरवतात ते मुद्गलही त्याच कुळातील आहे. मोगऱ्याची न उमललेली कळी देठासकट चिमटीत धरून आडवी पाहिली, तर हे नाते कोशाशिवाय पटते : बारीक दांडा, त्यावर हिरव्या पाकोळ्यांचा गळा आणि टोकाला गच्च मिटलेले, वाटोळे, जड डोके. नाव देणाऱ्याने हातोडा आधी पाहिला होता आणि कळी नंतर.

फूल हे मूळ आणि वस्तू ही त्याची उसनवारी, असे सुशिक्षित वाचक सहसा गृहीत धरतो. परंतु शेती आणि कारागिरी यांवर जगणाऱ्या समाजात अवजार आणि जनावर यांची ओळख बागेआधीची असते, आणि शोभेच्या वेलीला नाव देताना माणूस आधी गोठ्याकडे आणि औताकडे वळून पाहतो. गोकर्णीचे निळे फूल गाईच्या कानावरून ओळखले गेले, हे तर उघडच आहे. पण अमरकोशात ‘गोकर्ण’ हा शब्द हरणांच्या नामावळीतही येतो, आणि त्याच कोशात अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत ताणलेल्या हाताच्या मापालाही गोकर्ण म्हटले आहे. कुंपणावरची वेल, रानातील हरीण आणि हाताचे माप अशा तीन परस्परांना अनोळखी गोष्टी एका कानाने जोडल्या गेल्या. तुऱ्यावरून कोंबडा म्हणवले जाणारे मखमली लाल फूलही याच पंक्तीत बसते.

वाघनखी हे या सर्वांत तीक्ष्ण उदाहरण आहे. पावसाळ्यात कुंपणांवर आणि रानाच्या कडेला चढणाऱ्या या कंदवर्गीय वेलीला कळलावी असेही म्हणतात. तिच्या पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, त्यांच्या कडा नागमोडी असतात, आणि फूल जुने होत जाते तसा पिवळा रंग केशरी व पुढे रक्तासारखा लाल होतो. कंदात कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असल्यामुळे जाणती माणसे तो हाताळताना जपतात. मुठीत लपवायच्या, वाकड्या पोलादी नखांच्या शस्त्राचे ‘वाघनखे’ हे नाव १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांसाठी उसनी आणलेली वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यात आणि २०२५ मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आणि लोकांनी ‘अजब बंगला’ म्हणून आपलीशी केलेल्या वास्तूत, मांडली गेली. शस्त्राचे नाव फुलावरून आलेले नाही आणि फुलाचेही शस्त्रावरून नाही. दोघांनी ते एकाच जनावराकडून घेतले आहे.

उलट दिशेचा प्रवासही होतो, आणि त्याचे सर्वांत चटका लावणारे उदाहरण शेतातच सापडते. केवडा हे गणपतीला प्रिय मानलेले, कपाटातील लुगड्यांना वर्षभर वास देणारे कणीस. त्याच्या आकारावरून घडवलेला, अंबाड्यात खोवायचा ‘केवडा’ हा सोन्याचा दागिना मराठी केशालंकारांत मूद, राखडी आणि अग्रफूल यांच्या शेजारी बसतो. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र केवडा म्हणजे रोग. ज्वारीच्या पानांवर फिकट पिवळे-पांढरे पट्टे उमटतात, सकाळच्या दवात पानाच्या खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी दिसते आणि पुढे पाने चिरफाळतात, तेव्हा ‘केवडा पडला’ असे म्हणतात. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या विषाणूने भेंडीचे किंवा मुगाचे पान पिवळे पडले, तरी शब्द तोच. बाजरीवर ज्वारीच्या केवड्याच्याच कुळातील दुसरी बुरशी कणसाच्या जागी पानांचा गुंता वाढवते, म्हणून तिला तेथे जटाधारी गोसाव्याचे नाव मिळाले. रंगाचे साम्य अचूक आहे, हे मान्य करावेच लागते. ज्याचे पीक गेले त्याने त्या रंगाला इतके सुंदर नाव दिले, यात मराठी शेतकऱ्याच्या नजरेचा खरा कस दिसतो. मुगाचे एकच रोप शेतात केवड्याने पिवळे पडते आणि त्यातून वाचले तर कळमन्यात मोगर होऊन विकले जाते, आणि या दोन्ही टप्प्यांवर सुगंधाचा लवलेश नसतो.

सराफ्यातील बकुळीहार आणि चंपाकळी, एसटीच्या रात्री धावणाऱ्या गाडीचे ‘रातराणी’ हे नाव, आणि पांढऱ्या कुमुदाचे नाव वागवणारा सुवासिक कमोद तांदूळ, ही सर्व फुलाकडून वस्तूकडे गेलेली नावे आहेत. संख्यांच्या बाबतीत तर हा प्रवास फारच दूरवर जातो. ‘अब्ज’ म्हणजे पाण्यात जन्मलेले, अर्थात कमळ. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) दिलेल्या स्थाननामांत अब्ज ही शंभर कोटींची आणि महापद्म ही त्याच्या हजारपटीची संज्ञा आहे.

कळमन्यातील संत्र्याच्या हंगामात जनावर आणि फूल यांची सर्वांत विलक्षण गाठ पडते. भोसल्यांच्या काळापासून नागपूरच्या मातीत रुजलेल्या आणि २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचे दोन मुख्य बहार असतात. फारसीत ‘बहार’ म्हणजे वसंत. मराठी बागायतदाराने त्याचा अर्थ झाडाला येणारा फुलोरा आणि त्यातून मिळणारे पीक असा केला. आंब्याच्या मोहोराच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, येतो तो आंबिया बहार. जूनमध्ये मृग नक्षत्राच्या पावसावर येतो तो मृग बहार. मृग म्हणजे हरीण. आकाशातील एका तारकापुंजात प्राचीनांनी हरणाचे मस्तक पाहिले, त्या नक्षत्रात सूर्य आला की पावसाळा धरला जाऊ लागला, आणि त्या पावसाने येणाऱ्या फुलांना हरणाचे नाव चिकटले. हे फूल आपोआप येत नाही. भर उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडतात, यालाच ताण देणे म्हणतात. पाने मलूल होऊन झाड विसाव्यात जाते, आणि पहिल्या सरींनी ताण मोडला की फांद्यांवर पांढऱ्या कळ्या लागतात. पाऊस लांबला किंवा ताण पुरेसा बसला नाही, तर झाड नुसती पालवी काढते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कळमन्याच्या ओट्यांवर जी संत्री ढिगांनी दिसायला हवीत, त्यांची जागा रिकामी राहते. अशा वर्षी संत्र्याच्या पट्ट्यात बागायतदार फुलाचे नाव न घेता एवढेच सांगतो की, यंदा मृग फुटला नाही.